पडद्यावरचे रंग आणि बाबांचा हात

मिलच्या संपानंतर बाबा यंत्राला हात लावेनासे झाले. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही, पण एका खोलीत राहणाऱ्या माणसांना अशा गोष्टी न सांगता कळतात. खोलीतला दिवा गेला की आई स्टुलावर चढायची. रेडिओचं स्टेशन सरकलं की आईच पुन्हा लावायची. पुढे मिक्सर आला, तर तो सुरू झाल्याबरोबर बाबा उठून गॅलरीत उभे राहायचे आणि बंद झाला की आत यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परळच्या एका मिलच्या साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, माग चालवले होते. त्या खडखडाटात बोलायची सवय झाल्यामुळे घरातही ते समोरच्या चाळीतल्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलायचे. संपानंतर मिलने त्यांना परत घेतलं नाही आणि तो मोठा आवाज हळूहळू बसत गेला. मग भायखळ्याच्या भाजीबाजारात एका गाळ्यावर गोणी उतरवून घ्यायचं काम त्यांनी केलं, गुडघे गेले तेव्हा तेही सुटलं. लहानपणी मला वाटायचं, बाबा रागावलेत. मोठी झाल्यावर कळलं की राग वगैरे काही नव्हता, त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. "मी हात लावला की चालू असलेलं बंद पडतं," असं एकदा ते भाजी निवडणाऱ्या आईला म्हणाले होते, आणि आईने मान वर न करता "काहीतरीच" एवढंच म्हटलं होतं.

अशा घरात मी कॉम्प्युटर आणला. तेव्हा मी पंचविशीत होते, लग्नाच्या बाजारात माझा भाव उतरत चालल्याची चिंता आमच्या लालबागच्या अख्ख्या मजल्याला होती, आणि मी मात्र दादरला एका क्लासात कॉम्प्युटरवर डिझाइन काढायला शिकत होते. क्लासातली माझी मैत्रीण ग्लोरिया खोताच्या वाडीत राहायची. तिचा भाऊ नोकरीसाठी आखातात निघाला होता आणि त्याचा कॉम्प्युटर द्यायचा होता. हा भाऊ गाड्यांच्या शर्यतींचे खेळ खेळण्यात पटाईत. त्यासाठी त्याने आत चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा सुटा भाग, तळहाताएवढा, त्याच्यावर थंडाव्यासाठी स्वतःचा बारकासा पंखा. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण त्याने उन्हाळ्यात काढून ठेवलं होतं ते घरात कुठेतरी हरवलं. "झाकण मिळालं की आणून देते," असं ग्लोरिया म्हणाली. ते तिला आजतागायत मिळालेलं नाही. ती आता कॅनडात असते, आणि फोनवर मी अजून तिला झाकण मागते.

आमची खोली ती केवढी. देवाच्या फळीखाली टेबल बसलं, टेबलावर मॉनिटर आणि शेजारी कॅबिनेट. उघडी बाजू आईने भिंतीकडे करायला लावली, कारण ती आतडी बघून तिला जेवण जाईना. आई डबे करून द्यायची. सकाळपासून तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, सोलकढी, आणि बाजार चांगला मिळाला तर बांगड्याचं तिखलं. मासे तळायला घेतले की ती ओरडायची, "बाय, पडदो ओढ, तुझ्या त्या टीव्हीक वास लागतलो!" मी टेबलासमोरचा जुन्या साडीचा पडदा ओढून घ्यायची आणि त्या तंबूत बसून काम करायची. आता माझ्या स्वयंपाकघरात धूर ओढून घेणारी चिमणी आहे आणि कामाची खोली वेगळी आहे, पण बांगड्याचा वास आल्याशिवाय माझं डोकं नीट चालत नाही, हे मी कुणाला सांगत नाही.

काम होतं साडीच्या काठांचं. दादरच्या एका साड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई स्वतःची डिझाइनं मागांवर विणून घ्यायच्या. त्यांना लग्नसराईसाठी नवे काठ हवे होते आणि क्लासच्या सरांनी माझं नाव सुचवलं होतं. पडद्यावर बारीक चौकटी आखायच्या, एकेका चौकटीत रंग भरायचा, तेव्हा कुठे एखादी कोयरी उमटायची. पहिले काही दिवस बाबा तिकडे फिरकले नाहीत. मग एका दुपारी माझ्या पाठीमागे चहाच्या बशीचा आवाज झाला. बाबा उभे होते. "काठ आहे काय गो हा?" म्हणाले. मी हो म्हटलं. बराच वेळ ते बघत राहिले आणि मग म्हणाले, "आम्ही सगळं कोरं कापड विणलं. पांढरं जायचं आणि रंगायला पुढच्या खात्यात जायचं. रंग काय ते आम्ही साळखात्यात पाहिलेच नाहीत." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्टूल आणून माझ्या शेजारी बस्तान ठोकलं.

त्यांना रंगांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे मला इथे स्वच्छ सांगायला हवं. बापाला सगळं कळतं अशी आठवण लिहिणं फार सोपं असतं. बाबांना पोपटी रंग आवडायचा. कशावरही पोपटी. मी जांभळ्या काठात सोनेरी भरला तर ते म्हणायचे, "थोडा पोपटी टाकून बघ." टाकून बघितला की साडीची पार रया जायची, आणि बाबा म्हणायचे, "बघ, कसा उठला!" मी चिडायची, ते हसायचे नाहीत पण चहा भुरकता भुरकता थांबायचे, आणि त्यांचे डोळे मात्र जागे असायचे. पडदा लावून आम्ही दोघं आत बसलेले, पोपटीवरून वाद घालत. बाहेर आई भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा पडद्यातून डोकं घालून मला हळूच म्हणाली, "किती वर्सांनी भांडतत ते." तिचे डोळे भरून आले होते.

मग दसरा आला. मिल चालू असताना दसऱ्याला कामगारांच्या बायकामुलांना आत सोडायचे. मी अगदी लहान असताना एकदा गेले होते. मागांना झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, प्रत्येक मागावर कुंकवाचं बोट, आणि बाबा आपल्या मागावर अक्षता टाकून डोळे मिटून उभे. ते चित्र माझ्या मनात पक्कं आहे. संपानंतर आमच्या घरात दसऱ्याला श्रीखंड यायचं, दाराला तोरण लागायचं, पण यंत्राची पूजा झाली नाही. कशाची करणार? त्या वर्षी मात्र सकाळी अंघोळ करून बाबा माझ्यापाशी आले आणि नव्या सुनेने विचारावं तसं हळू विचारलं, "आज ह्याला बंद ठेवशील? पूजा करायची होती." मी स्विच बंद केला आणि श्रीखंड आणायला खाली उतरले, कारण तिथे उभी राहिले असते तर मी रडले असते आणि बाबा अवघडले असते.

परत आले तर मॉनिटरला झेंडूची माळ, कॅबिनेटच्या छातीवर कुंकवाचं स्वस्तिक, टेबलभर कुंकवात भिजवलेल्या अक्षता, आणि बाबा नवा सदरा घालून शेजारी उभे. "चालव आता उद्यापासून," म्हणाले. संपानंतर त्यांनी यंत्राला लावलेला तो पहिला हात. आईने त्या दिवशी सगळ्या मजल्याला श्रीखंड वाटलं.

दोन-तीन दिवसांतच कॉम्प्युटरचा पडदा बिघडला. सुरुवातीला काही नसायचं. काम सुरू करून थोडा वेळ गेला की काठावर कुठेतरी हिरवे ठिपके चमकायचे, जणू कुणी चिमटीने पोपटी रंग भुरभुरलाय. मला आधी वाटलं की बाबांचीच करामत. मग ठिपक्यांच्या रेघा व्हायच्या, जांभळा रंग फुटून निळा-लाल व्हायचा, चित्र तिरपं फाटल्यासारखं दिसायचं आणि शेवटी सगळा पडदा काळा. कॅबिनेट मात्र घूं घूं चालूच. बंद करून जेवून परत लावलं की सगळं ठीक. पुन्हा थोड्या वेळाने तेच. मालकीणबाईंना दिवाळीआधी काठ हवे होते, आणि मला प्रत्येक फुलानंतर काम जपून ठेवावं लागायचं, नाहीतर काळ्या पडद्यात तेही जायचं.

आमच्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत शेखर राहायचा. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तो आला, पडद्याला कान लावून बसला आणि म्हणाला, "नंदाताई, ट्यूब गेली. लिहून देतो." त्याचं लिहून देणं आम्हाला माहीत होतं, पण तेव्हा दुसरं होतं कोण? क्लासच्या सरांनी शहाणपणाचा सल्ला दिला की एकेक वस्तू बदलून बघा, म्हणजे खोट कुठे नाही ते तरी कळेल. शेखरने आमचा मॉनिटर टॅक्सीत घालून क्लासात नेला, तिथल्या कॉम्प्युटरला लावला. दुपारभर चालला, एक ठिपका नाही. म्हणजे मॉनिटर निर्दोष. मग मागची केबल बदलली, तिच्या पिना भिंगातून पाहिल्या. रोग तसाच. मग मी कार्डाचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. रोग तसाच. मग शेखर म्हणाला, लाइनीचा दोष आहे, खालच्या पिठाच्या गिरणीमुळे व्होल्टेज पडतं. रविवारी गिरणी बंद होती, तरीही पडदा काळा झाला. शेखरने हात टेकले.

इकडे बाबांचं काय होत होतं ते मला दिसत होतं आणि कॉम्प्युटरपेक्षा मला त्याचीच भीती वाटत होती. पहिल्या ठिपक्यांच्या दिवशी त्यांनी स्टूल थोडं मागे ओढलं. मग ते साडीच्या पडद्याबाहेर बसायला लागले. मग एके दिवशी स्टूल परत मोरीपाशी आपल्या जागी गेलं आणि बाबा गॅलरीत. मी बाहेर गेले तर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी सांगत होतो तुझ्या आईला. माझ्या हाताला यश नाही. चांगलं चाललं होतं तुझं. कशाला पूजेबिजेच्या भानगडीत पडलो."

मला इतका राग आला की काय सांगू. "बाबा, कुंकू लावल्याने कॉम्प्युटर बिघडतो होय? जगात कुठे झालंय असं? तुमच्या पूजेचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही. मी शपथेवर सांगते!" मी असं ठासून बोलले, देवाच्या फळीकडे हात करून बोलले. बाबांनी मान हलवली, पण आत आले नाहीत. जेवतानाही पाठ कॉम्प्युटरकडे करून बसायचे. आईने वाढलेलं मुकाट खायचे. घरात पुन्हा तीच जुनी शांतता आली, आणि आता तर ती मला आधीपेक्षा जड वाटत होती, कारण मधले काही आठवडे आम्ही पोपटीवरून भांडलो होतो.

वाट सापडली ती आईमुळे, आणि तीही तिला न कळता. ऑक्टोबरचा उकाडा होता. एका सकाळी माझी रडवेली अवस्था बघून तिने टेबलपंखा उचलला आणि आजारी पोराला वारा घालावा तसा कॅबिनेटकडे तोंड करून ठेवला. "तापलो आसात तो," म्हणाली. त्या सकाळी पडदा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकला. मी पंखा बंद केला, ठिपके आले. लावला, ठिपके लांबले. म्हणजे आत काहीतरी तापत होतं. मी शेखरला बोलावलं, आम्ही कॅबिनेटची उघडी बाजू भिंतीकडून फिरवून उजेडाकडे केली आणि कॉम्प्युटर चालू केला. ग्राफिक्स कार्डावरचा पंखा फिरत नव्हता. मी बोट लावलं आणि हाय करून मागे घेतलं, इतकं ते कार्ड तापलं होतं. बंद केल्यावर शेखरने टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यात आणि कडेच्या फटीत काहीतरी लाल रुतून बसलं होतं. मी केसातली पिन काढून ते उकरलं. तळहातावर कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा पडला. मग आणखी एक.

"नंदाताई, ह्या तर अक्ष..." शेखर ओरडलाच. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. बाबा बाहेर गॅलरीतच होते. सगळा प्रकार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. बाबांनी कॅबिनेट फिरवलं असणार. आई सांगायची, मागाची पूजा करताना ते अक्षता वरवर कधीच टाकत नसत, जिथे काम चालतं तिथे टाकायचे. तशाच त्यांनी ह्याही यंत्राच्या पोटात टाकल्या, हात जोडले, आणि ते परत भिंतीकडे फिरवून ठेवलं. मी शपथेवर सांगितलेलं साफ खोटं ठरलं होतं. कॉम्प्युटर त्यांच्याच हातून बिघडला होता. हे त्यांना कळलं तर तो माणूस उरलेल्या आयुष्यात दिव्याच्या बटणालाही हात लावणार नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. मी दाणे पदरात बांधले आणि शेखरला दम दिला.

पंखा मोकळा झाल्यावर पुन्हा फिरला, आणि क्षणभर वाटलं की सुटलो. पण कार्ड बरेच दिवस भाजून निघालं होतं. आता ठिपके सुरुवातीपासूनच दिसत होते. शेखर म्हणाला, नवं कार्ड घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण जुनं बरोबर न्या, नाहीतर खाच जुळायची नाही. मी घरात जाहीर केलं की कार्ड जुनं झालं होतं, खेळ खेळून खेळून झिजलं, विषय संपला. आईने ते लगेच मानलं आणि तेवढ्याच तत्परतेने सांगितलं की इतकी मोलाची वस्तू आणायला मी एकटी जायचं नाही. "तुमी जावा तिच्यावांगडा," ती बाबांना म्हणाली. तिच्यासोबत म्हणजे माझ्यासोबत. दुकानात बाबांसमोर काही निघालं तर, असं मनात आलं, पण नको म्हणायला कारण सुचेना.

लॅमिंग्टन रोडवरचं दुकान म्हणजे एक काउंटर आणि त्यामागे छतापर्यंत खोके. दुकानदार चष्मा कपाळावर चढवलेला, एका वेळी चार गिऱ्हाइकांशी बोलणारा. बाबा माझ्या मागे, फुटपाथच्या कडेला, कशालाही धक्का लागू नये अशा बेताने हात पाठीमागे बांधून उभे. मी जुनं कार्ड पुढे केलं. त्याने ते उलटंपालटं केलं, खाच बघितली, पंख्याचे बारके स्क्रू सोडवले आणि कार्ड काउंटरच्या काचेवर ठकठक आपटलं. पंख्याखालच्या पत्र्याच्या दातांतून लाल दाणे काचेवर टपटप पडले.

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. "क्या मॅडम, ये कार्ड का शादी किया क्या?"

आजूबाजूची सगळी गिऱ्हाइकं हसली. मी मागे वळून बघितलं नाही, माझ्याच्याने बघवलं नसतं. पाठीमागून चपलांचा आवाज आला आणि बाबांचा हात माझ्या खांद्यावरून काचेवर आला. त्यांनी एक दाणा चिमटीत उचलला, उजेडात धरला.

"ये अटक गया था? पंखे में?" त्यांनी विचारलं.

"हां अंकल. पंखा जाम, कार्ड गरम, काम तमाम."

"बस इतनाच? और कुछ नहीं?"

"और क्या होगा?"

"नहीं, मतलब..." बाबा अडखळले. "हाथ का दोष, ऐसा कुछ?"

दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. "हाथ का क्या दोष, अंकल? चावल का दोष है. मेरा हाथ अटकेगा तो भी पंखा रुकेगा."

बाबा दाण्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि मला वाटलं त्यांना उमासा येतोय, मी त्यांचा दंड धरला. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि दुकानदाराला सांगत होते, "पूजा हमने किया! दशहरे का! अंदर तक डाला, बराबर मशीन के ऊपर!" साळखात्यातला तो मोठा आवाज लॅमिंग्टन रोडवर लागला. समोरच्या फुटपाथवरचे लोक थांबून बघायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मी काउंटरला टेकून हसतही होते आणि पदराने डोळेही पुसत होते.

मग कार्ड निवडायची वेळ आली. दुकानदाराने दोन पुढे ठेवली. एकावर मोठा पंखा, खोक्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्र. त्याच्या मते हेच घ्यावं, सगळे हेच नेतात. दुसरं साधं, पंखाच नाही, नुसते पत्र्याचे उभे दात. मी विचारलं की दोन्हींवर मोठ्या पडद्याला पुरेसे रंग येतात का, अक्षरं आणि बारीक रेघा धारदार दिसतात का. तो म्हणाला, तेवढ्यात दोन्ही सारखी. फरक खेळांमध्ये पडतो, गाड्या पळवायच्या असल्या तर. मला गाड्या पळवायच्या नव्हत्या, कोयऱ्या काढायच्या होत्या. दुकानदार बाबांकडे बघून मिस्किलपणे म्हणाला, "अंकल पूजा करेंगे तो बिना पंखेवाला ले लो." बाबांनी त्याला हात जोडले आणि मला म्हणाले, "माझ्याकडे बघून घेऊ नको. तुला काय लागतं ते घे. मी वरून नमस्कार करीन." मी बिनपंख्याचंच घेतलं, आणि ते कामासाठीच घेतलं. पण खरं सांगायचं तर पंख्याचं कार्ड दुप्पट चांगलं असतं तरी मी बिनपंख्याचंच घेतलं असतं. आज माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरात एकाच कार्डावर तीन पंखे आहेत, रंगीत दिवे लावलेले. तो मला त्याचे गुण सांगतो तेव्हा मी ऐकून घेते.

येताना आम्ही एका इराण्याकडे चहा प्यायला बसलो. बाबांनी मस्का पाव मागवला, हेही नवलच. पाव चहात बुडवून ते म्हणाले, "तुला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. "म्हणून शपथ घेतलीस?" मी म्हटलं, "शपथ आधी घेतली, कळलं नंतर." ते पुन्हा हसले. मग म्हणाले, "मागात काही अडकलं की माग बंद पडायचा. आम्ही शोधायचो, काढायचो, पुन्हा चालू. संपात सगळंच बंद पडलं, आणि काय अडकलंय ते कुणी दाखवीना. मग माणसाला वाटायला लागतं, आपल्यातच काहीतरी आहे." एवढं सलग बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी माझ्या पावाचा अर्धा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला आणि त्यांनी तो खाल्ला.

घरी आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. शेखर पेचकस घेऊन दारातच तयार होता. कॅबिनेट उजेडाकडे फिरवलं, आणि तो पुढे वाकणार इतक्यात बाबा म्हणाले, "थांब. कसं बसवायचं ते मला सांग." शेखर माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. बाबांनी गुडघे कुरकुरत असतानाही जमिनीवर बैठक मारली, कार्ड दोन्ही कडांना धरलं, खाच जुळवली आणि अंगठ्यांनी दाबलं. खट् असा आवाज झाला. स्क्रू त्यांनी स्वतः आवळला, आणि मग जरा जास्तच आवळला. मी स्विच लावला. पडदा उजळला, जांभळा काठ स्वच्छ उभा राहिला. आम्ही वाट बघत बसलो. आईने भाकरीचा तवा उतरवला आणि तीही येऊन उभी राहिली. ठिपके यायची वेळ आली आणि टळली. रंग जागचे हलले नाहीत. आईने देवाला हात जोडले. बाबांनी कार्डाजवळ तळहात नेऊन बघितलं आणि म्हणाले, "कोमट. बरोबर आहे."

शेखरला दुकानात परत जायचं होतं. त्याने पेचकस मागायला हात पुढे केला.

"उद्या देतो," बाबा म्हणाले.

"कशाला हवो?" आईने विचारलं.

बाबा भिंतीचा आधार घेत उठले, पेचकस सदऱ्याच्या खिशात घातला आणि खोलीभर नजर फिरवली. "बघू दे जरा," ते म्हणाले, "घरात काय काय बंद पडलंय."